फोनच्या पलीकडचा माणूस

'वॉरगेम्स' म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो शेवटचा फुली-गोळा. स्वतःशीच खेळता खेळता यंत्राला उमगतं की काही डाव कुणीच जिंकत नाही. प्रसंग सुंदरच आहे. तरी जॉन बॅडम यांच्या या १९८३च्या चित्रपटाचा प्राण मला दोन फोनमध्ये सापडतो.

पहिला फोन अगदी सुरुवातीला. बाहेर बर्फ आणि जमिनीखाली क्षेपणास्त्राच्या तळावर ड्यूटीवर आलेले दोन अधिकारी. हलक्याफुलक्या गप्पा चालू असतानाच अस्त्र सोडण्याचा आदेश येतो. संकेत ताडून पाहिले जातात, तंतोतंत जुळतात. दोघांपाशी दोन किल्ल्या. दोन्ही एकदम फिरायला हव्यात. नेमका वरिष्ठाचा हात थबकतो. दोन कोटी माणसं मारण्याआधी त्याला फोनवर कुणाशी तरी बोलायचं आहे. फोनवर कुणी येत नाही. शेजारचा तरुण सहकारी पिस्तूल रोखतो आणि बॅडम तिथेच प्रसंग तोडतात. ती चाचणी होती, हे आपल्याला मागाहून कळतं. २२ टक्के अधिकाऱ्यांनी किल्ली फिरवली नाही, म्हणून वरचे लोक माणसालाच बाजूला काढून काम संगणकाकडे सोपवतात. थबकलेला हात त्यांच्या लेखी निव्वळ बिघाड ठरतो.

दुसरा फोन शेवटाकडे. कोलोरॅडोतल्या डोंगराच्या पोटातलं नियंत्रण केंद्र. भिंतभर पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या रेषा अमेरिकेवर उतरताहेत. शास्त्रज्ञ फाल्कन जनरलला एवढंच विचारतो, की सारं बळ एकदम ओतून शत्रू स्वतःचाही सर्वनाश का ओढवून घेईल? जनरल हात आवरतो. ज्या तळांवर आधी घाव बसणार, तिथे फोन जोडला जातो. पडद्यावर स्फोट लखलखतात. सगळ्यांचे श्वास रोखलेले. मग फोनमधून एक साधा, घाबरलेला आवाज येतो. तिथली माणसं जिवंत आहेत; पडद्यावरचा हल्ला संगणकाचा खेळ होता. भयानकातून करुणाकडे जाणारी ही वाट बॅडम यांनी एका आवाजावर पेलली आहे.

चित्रपट जूनमध्ये लागला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला, मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ या सोव्हिएत इशारा केंद्रात, लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्या यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं सांगितलं. ढगांवर चमकलेल्या उन्हाने उपग्रह फसला होता. महायुद्ध कुणी पाचच अस्त्रांनी सुरू करत नाही, असा पेत्रोव्ह यांचा हिशेब होता. जमिनीवरच्या रडारचाही दुजोरा नव्हता. त्यांनी वरिष्ठांना फोनवर कळवलं: इशारा खोटा आहे. फाल्कनला आकडा अति वाटला, पेत्रोव्ह यांना अगदीच कमी. प्रश्न दोघांचा एकच होता, हे बुद्धीला पटतं का?

यंत्र टाकून द्या, असं हा चित्रपट कुठेही सांगत नाही. त्याला हवी आहे खातरजमा, आणि ती करायला पुरेल एवढा वेळ. आज धोक्याचा अंदाज बांधणारी यंत्रं कितीतरी हुशार आणि वेगवान झाली आहेत. म्हणून तर हा वेळ जपायला हवा. 'वॉरगेम्स' पुन्हा पाहाल तेव्हा फुली-गोळ्याच्या आधीचा तो आवाज कान देऊन ऐका.