एका मंगळवारचा मथळा

६ जुलै १८९७ हा मंगळवार होता, म्हणजे ‘केसरी’चा वार. त्या दिवशीच्या अग्रलेखाचा मथळा मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतो : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पाठ असतो तो मथळाच. त्याखालचा लेख वाचलेली माणसे मला उमरखेडात आजवर मोजून तीन भेटली, आणि त्यांतल्या दोघांना मीच तो वाचायला लावला होता.

मथळा मात्र अजून गावोगाव कामाला आहे. वीज, पाणी, पीकविमा, एसटीची फेरी, गाऱ्हाणे कोणतेही असो. ‘सरकार’ हा शब्द काढून तिथे हव्या त्या खात्याचे नाव बसवायचे, की पत्रक तयार. सव्वाशे वर्षे इतके बिनभाड्याने राबलेले दुसरे वाक्य मराठी पत्रसृष्टीत मला तरी ठाऊक नाही. आजचे मथळे दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. ‘एकच खळबळ’ हा शब्दप्रयोग रोज छापला जातो. खळबळ नेहमी एकच का, दोन कधीच का होत नाहीत, हे कोडे मला सुटलेले नाही.

या मथळ्याची ताकद कशात आहे? ‘डोके ठिकाणावर असणे’ हा घरातला वाक्प्रचार आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पतंग उडवणाऱ्या पोराला आई असे विचारते. टिळकांनी तो थेट मुंबई इलाख्याच्या सरकारला लावला. गंमत शेवटच्या शब्दात आहे. घरात आपण ‘का?’ म्हणतो. वाक्याच्या शेवटी नेमका बसवलेला ‘काय?’ हा वकिली आहे. ‘तुम्ही त्या रात्री घरी होता काय?’ असा. सुरुवात माजघरात आणि शेवट कोर्टात. टिळक एलएल. बी. झालेले होते आणि कायद्याचे वर्गही चालवीत, हे इथे विसरून चालत नाही. व्याकरणाने पाहिले तर त्यांनी सरकारवर काही आरोप केलेलाच नाही, निव्वळ चौकशी केली आहे.

(त्या दिवशी हा मथळा आमच्याकडे कोणी वाचला असेल, तर त्याला आधी एक अडचण सोडवावी लागली असणार. उमरखेड तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात होते. ते यवतमाळकडे आले १९०५ साली. आणि वऱ्हाडची मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. तेव्हा ‘सरकारचे’ म्हणजे नेमके कोणाचे डोके पाहायचे?)

आता मुद्द्याकडे येतो. या मथळ्यासाठी टिळकांना तुरुंगवास झाला, असे व्याख्यानांतून, स्मरणिकांतून आणि शिक्षकांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा इतिहासच होऊन बसला आहे. तो खरा नाही. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर शहरावर जादा पोलीस बसवून त्यांच्या खर्चाचा भार रहिवाशांवर टाकला गेला, अँग्लो-इंडियन पत्रांनी पुण्यातल्या पुढाऱ्यांकडे बोट दाखवायला सुरुवात केली. त्या रागातून ६ जुलैचा मथळा आला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. मथळा आणि अटक यांत बरोबर तीन आठवडे, मंगळवार ते मंगळवार. एवढ्यावर लोकांनी दोन्हींची गाठ मारून टाकली.

पण खटल्यात राजद्रोह म्हणून ठेवला गेला तो मजकूर १५ जूनच्या अंकातला, म्हणजे खुनाच्या आठवडाभर आधीचा : ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता, आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत, ज्यात अफजलखानाच्या वधाची चर्चा होती. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. (हाही मंगळवारच.) ज्या वाक्यात सरकारच्या डोक्याची विचारपूस होती ते आरोपात नव्हते, अडकले ते दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या राजाच्या तोंडी घातलेले शब्द आणि एका सभेचा वृत्तांत.

पुढच्याच मंगळवारी, १३ जुलैला, ‘केसरी’ने मथळा दिला : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. माझ्या मते वाक्य म्हणून हा अधिक मोठा आहे. पहिल्यात चिमटा आहे, याच्यात राज्यशास्त्राचे अख्खे प्रकरण आहे. पण तो पत्रकांवर कधी दिसत नाही. खात्याचे नाव बदलून तो वापरता येत नाही, हे त्याचे दुर्दैव.

‘दुर्दैव’ शब्दावरून १९०८ कडे जावे लागते. १२ मेचा अग्रलेख ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. पहिला शोकसभेच्या ठरावासारखा वाटतो, दुसरा घरदुरुस्तीच्या सल्ल्यासारखा. मथळा पाहून लेख ओळखणाऱ्याने दोन्ही पाने निर्धास्तपणे उलटली असती. याच दोन लेखांवर टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती मंडालेत भोगावी लागली. जामीन नाकारणारे आणि शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे वकील होते. १९०८ चा जामीनअर्ज त्यांच्यापुढे मांडणारे बॅरिस्टर जिना.

म्हणजे आपण ज्याला जहाल म्हणून डोक्यावर घेतो तो मथळा सुटला, आणि ज्यांचे मथळे आपल्याला आठवतही नाहीत ते लेख मंडालेला घेऊन गेले. सरकारी भाषांतरकार लेख शेवटपर्यंत वाचत होते, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. अर्थात वाचले म्हणजे कळले असे नव्हे. १९०८ च्या खटल्यात टिळक एकवीस तास दहा मिनिटे बोलले, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मराठी शब्दांना इंग्रजीत चिकटवलेले अर्थ उलगडून दाखवण्यात गेला. समोरच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन.