गंगाधरपंतांचे पानिपत

गंगाधरपंतांचे पानिपत : खगोलभौतिकीविज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९ जुलै १९३८–२० मे २०२५) यांची प्रसिद्ध मराठी विज्ञानकथा. 'द ॲडव्हेंचर' या नावाने तिचे इंग्रजी रूपही परिचित असून त्याचा संक्षेप राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात वावरतात, की जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा विजय झाला होता आणि मुंबईपुरताच ब्रिटिश अंमल उरला होता. मुंबईच्या ग्रंथालयात भाऊसाहेबांची बखर चाळताना त्यांना आढळते, की विश्वासरावांना गोळी लागली नाही. ती कानाजवळून निघून गेली. पुढे आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बळकावल्यावर उडालेल्या गोंधळात ते स्वतःच्या जगात परततात. बखर हरवते, तिचे एक फाटके पान मात्र खिशात राहते.

हे पान कथेचा कणा होय. परिचित बखरीशी ते ताडून पाहता फरक केवळ एका गोळीच्या मार्गाचा उरतो. पंतांचे शास्त्रज्ञ स्नेही राजेंद्र देशपांडे या अनुभवाचा उलगडा रने तोम या फ्रेंच गणितज्ञाचा कॅटॅस्ट्रफी सिद्धांत आणि पुंजयामिकीतील अनिश्चितता यांच्या आधारे करतात. सूक्ष्म कणांच्या बाबतीत मान्य झालेले तत्त्व मनुष्य, ग्रंथ व साम्राज्ये यांना लावणे हा सिद्ध विज्ञानाचा निष्कर्ष नव्हे, तर कल्पनेची झेप आहे. तथापि मूळ विज्ञान आणि कल्पना यांतील सांधा लेखकाने तर्कशुद्ध संवादातून बेमालूम जुळविला आहे.

काल्पनिक कलावस्तूला पुराव्याचे स्थान देण्याची युक्ती पाश्चात्त्य कालप्रवासकथांतही आढळते. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या 'द डे ऑफ द डॉक्टर' (२०१३) या भागातील गॅलिफ्रेचे त्रिमितीय चित्र एक क्षण गोठवून ठेवते. त्याची दोन नावे सांगितली जातात. ती जोडून वाचताच विनाशाची वार्ता बचावाची ठरते. तेथे शीर्षक पालटते, येथे बखरीतील एक वाक्य. दोन्हींकडे पराभवाचे दुःख एका वाचनाने पालटते. मात्र चित्र नायकाला आशा देते, तर फाटके पान पंतांना केवळ साक्ष देते. हरवलेले जग त्यांना परत मिळत नाही.

पानिपतचा निकाल एका गोळीवर टांगणे ऐतिहासिक दृष्ट्या अपुरे आहे. रसदीची कोंडी, उपासमार, सैन्याबरोबरचा बिनलढाऊ परिवार व उत्तरेतील मित्रांचा अभाव ही कारणे गोळी चुकल्याने नाहीशी झाली नसती. कथा मात्र विश्वासरावांच्या मृत्यूने सैन्याचे धैर्य खचले, या एकाच दुव्यावर भर देते. त्यामुळे तिचा पर्यायी इतिहास सुबक, पण काहीसा सुलभ झाला आहे.

असे असले, तरी या निवडीत मार्मिक उपरोध आहे. अतिशयोक्ती व दैववाद यांमुळे इतिहाससंशोधक ज्या बखर वाङ्मयाकडे सावधपणे पाहतात, तेच येथे वैज्ञानिक पुरावा ठरते. गोळीची दिशा बखरकार ईश्वरी कृपेवर वा अवकृपेवर सोपवितो, शास्त्रज्ञ संभाव्यतेवर. दोघांनाही ती आधी सांगता येत नाही. पराभवाची सल जपणाऱ्या मराठी वाचकाला कथा प्रथम विजयाचे समाधान देते व लगेच काढून घेते. 'असे झाले असते तर' हा हळहळीचा प्रश्न ती विचाराचा विषय बनविते. मराठी विज्ञानकथेत तिचे महत्त्व प्रामुख्याने यामुळेच आहे.