रूपक आणि कथन : ‘रुक्मिणीस्वयंवरा’च्या निमित्ताने

उपमा, रूपक, दृष्टांत, पूर्वसूचना, विलंब यांच्या व्याख्या कंठस्थ केल्या म्हणजे साहित्यकृतीचे आकलन झाले, हा समज आपल्या अध्यापनात बराच रुळलेला आहे. त्यानुसार कथनाची साधने म्हणजे कथेवर बाहेरून चढविलेली लेणी ठरतात. ही लेणी उतरविली तर कथा तशीच उरते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यास एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे विशेष उपयुक्त काव्य आहे.

शके १४९३ (इ. स. १५७१) च्या रामनवमीस वाराणसीत हा ग्रंथ सिद्ध झाला. दोन वर्षांनी ‘एकनाथी भागवता’ची समाप्तीही याच नगरीत झाली. मूळ आख्यान भागवताच्या दशम स्कंधातील ५२ ते ५४ या अध्यायांतले, सुमारे दीडशे श्लोकांचे. एकनाथांनी त्याचे १८ प्रसंग केले आणि १७०० हून अधिक ओव्या रचल्या. शिवाय महानुभाव कवी नरेंद्राच्या काव्यापासून ही कथा मराठीत परिचित होती. शेवट श्रोत्यांना ठाऊकच होता. मग एवढा विस्तार कशासाठी?

त्याचे एक उत्तर रूपकात आहे. रुक्मिणी हा जीव, श्रीकृष्ण हा शिव, त्यांचे लग्न हे ऐक्य; रुक्मीचा विरोध हा अहंकाराचा विरोध. परंतु या योजनेत कथेला एक धोका आहे. जीवशिवाचे ऐक्य मुळातच सिद्ध असेल, तर विरह कसला आणि पत्र कशाला? सिद्धांत जितका ठाम, तितकी कथेतील उत्कंठा क्षीण होणार.

हा पेच कथनाच्या अंगानेच सुटतो. भागवतातही रुक्मिणी सात श्लोकांचा निरोप ब्राह्मणाकरवी धाडते. लग्नाला एक रात्र उरते, आणि ब्राह्मण परतलेला नसतो. व्यवहारातील कथेत हा केवळ विलंब होय. रूपकात मात्र ही प्रतीक्षा साधकाची अवस्था ठरते : प्राप्ती निश्चित, पण अनुभव अद्याप दूर. विलंब गाळला तर रूपक कोरडे विधान होईल. रूपक गाळले तर विलंब हा निव्वळ खोळंबा राहील. येथे दोन्ही साधने एकमेकांच्या आधाराने उभी आहेत.

हे सर्वत्र साधले आहे, असे नाही. लग्नविधीच्या वर्णनात एकेका उपचारास एकेक पारमार्थिक अर्थ जोडला जातो, तेव्हा रूपक कोष्टकासारखे होते आणि रुक्मिणी नजरेआड जाते. तथापि याच भागात दुसरे काही घडते. भागवतात मोजक्या श्लोकांत आटोपणारा विवाहसोहळा येथे हळद, रुखवत, मानपान यांनी भरलेले मराठी घरचे कार्य होतो. द्वारकेच्या राजाचे लग्न श्रोत्याच्या अंगणात येते, आणि सिद्धांतामुळे दुरावलेली कथा तपशिलामुळे पुन्हा जवळ येते.

रचनास्थळाचा विचार केला म्हणजे या तपशिलाचे मोल वाढते. त्या काळी काशीत दाक्षिणात्य पंडितांचा मोठा दबदबा होता. त्यांच्यातील अग्रणी नारायणभट्ट यांचे घराणे एकनाथांच्याच पैठणचे. त्यांनी ‘त्रिस्थलीसेतू’सारखे धर्मशास्त्रीय लेखन संस्कृतात केले. त्याच नगरीत, मणिकर्णिकेच्या परिसरात, एकनाथ ओवीतून मराठी लग्नघर उभे करीत होते. त्यांच्या भागवतास काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतल्याची कथा परंपरेने जपली आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी ती ज्या ताणाकडे बोट दाखविते तो ताण खरा आहे : गहन अर्थ कोणत्या भाषेत आणि कोणासाठी सांगावा, हा.

मनाजोगा वर मिळावा म्हणून या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रातील कुमारिकांत रूढ झाली. त्यांतील अनेकींना जीवशिवाचे रूपक अवगत नसेल. त्यांनी रुक्मिणीची वाट पाहणे ओळखले. हे वाचन अपुरे म्हणून झिडकारणे समीक्षेला परवडणारे नाही. ज्या कथेत प्रतीक्षा आधी प्रतीक्षा म्हणून खरी उतरते, तिच्यातच ती आणखी कशाचे तरी रूपक होऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याने साधनाचे नाव ओळखून थांबू नये. ते काढून घेतल्यास कथेतून काय वजा होते, हे पडताळावे.