घोड्याच्या पाठीवरील धर्मग्राम

ख्रिस्ती साहित्यात आत्मचरित्राला जुनी व सन्माननीय परंपरा आहे. संत ऑगस्टीन यांनी ती घालून दिली. रोजनिशीच्या वाट्याला मात्र तेवढा मान आलेला नाही. आत्मचरित्रकार आयुष्याच्या शेवटी मागे वळून पाहतो आणि निवड करतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय घडणार हे ठाऊक नसते. हा भेद मनात ठेवून आम्ही येथे दोन अमेरिकन ग्रंथांचा विचार करणार आहोत. पहिला, फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांची 1821 मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली रोजनिशी. दुसरा, पीटर कार्टराइट यांचे 1856 चे आत्मचरित्र. दोघेही मेथडिस्ट पंथाचे घोडेस्वार उपदेशक. कॅथॉलिक वाचकाने हे ग्रंथ का वाचावेत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे अशी आमची इच्छा आहे.

इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू जॉन वेस्ली यांनी 1739 मध्ये ब्रिस्टलजवळ खाणकामगारांपुढे उघड्या मैदानात उपदेश करण्यास प्रारंभ केला. देवळाने माणसांची वाट पाहण्याऐवजी माणसांच्या वाटेवर जावे, हे त्यांचे सूत्र होते. लोहारकामाची उमेदवारी केलेले अ‍ॅस्बरी 1771 मध्ये वेस्लींच्या वतीने अमेरिकेस गेले आणि 1816 मध्ये तेथेच निवर्तले. इंग्लंडमधील आईला ते पैसे पाठवीत राहिले. तिची भेट मात्र पुन्हा झाली नाही. त्यांनी लग्न केले नाही, घर बांधले नाही. अ‍ॅपलेशियन पर्वत त्यांनी साठाहून अधिक वेळा ओलांडला असे म्हणतात.

त्यांच्या हाताखालील उपदेशकाला एक फेरा नेमून दिलेला असे. शेकडो मैलांचा तो फेरा पुरा करण्यास चार ते सहा आठवडे लागत. खोगिराच्या पिशवीत बायबल, गीतपुस्तक, पंथाची नियमावली आणि विक्रीसाठी काही पुस्तके. वार्षिक मेहनताना 1800 पर्यंत 64 डॉलर, त्यानंतर 80 डॉलर. तोही पुरता हाती पडेलच याची शाश्वती नसे. वर्ष-दोन वर्षांत बदली ठरलेली. थंडी, ताप आणि नद्यांचे पूर यांनी अनेकांना तरुणपणीच गाठले. 1773 च्या पहिल्या परिषदेच्या वेळी सभासद हजाराच्या थोडे वर होते. अ‍ॅस्बरींच्या मृत्यूसमयी ते दोन लाखांवर गेले होते.

एवढ्या मोठ्या कार्याच्या धुरीणाची रोजनिशी हाती घेताना वाचक भव्यतेची अपेक्षा करतो आणि निराश होतो. आज किती मैल चाललो, कोणत्या वचनावर बोललो, कोठे निजलो, पाऊस किती होता, घसा सुजला, ताप चढला. पानांमागून पाने हीच. आमच्या मते हा रुक्षपणा हेच या ग्रंथाचे बळ आहे. विजयाची वर्णने जवळजवळ नाहीतच. श्रोते थंड होते, मी नीट बोललो नाही, अशा आशयाच्या नोंदी मात्र वरचेवर आढळतात. मनोविश्लेषणाची खोली येथे नाही. निष्ठेची लांबी आहे. पंचेचाळीस वर्षे रोज तेच करीत राहणे म्हणजे काय, हे सुंदर वाक्यांनी सांगता आले नसते. मृत्यूच्या आठवडाभर आधी त्यांना रिचमंड येथे उचलून देवळात नेण्यात आले व मेजावर बसवण्यात आले. तेथून त्यांनी शेवटचा उपदेश केला.

कार्टराइट यांचा ग्रंथ याच्या अगदी उलट आहे. तो वाचनीय आहे, विनोदी आहे, कित्येकदा खदखदून हसवतो. मेळाव्यात धुडगूस घालणाऱ्या गुंडांना ते मनगटाचे पाणी पाजतात. जनरल जॅक्सन देवळात आल्याचे कोणी कानाशी लागून सांगताच, पश्चात्ताप न केल्यास त्यांचीही गत इतरांसारखीच होईल असे सर्वांदेखत सुनावतात. गुलामगिरीला कंटाळून 1824 मध्ये केंटकी सोडणारा हा माणूस 1846 मध्ये अब्राहम लिंकन यांच्याविरुद्ध काँग्रेसची निवडणूक लढवून हरला. परंतु ग्रंथात प्रत्येक वादात तेच जिंकतात, आणि येथेच आमचे मन साशंक होते. सेमिनरीत शिकलेल्या उपदेशकांची ते यथेच्छ टिंगल करतात. सेमिनरीत वर्षे काढलेल्या आम्हांला ती झोंबते, हे खरे. तरीही तिच्यातील अर्धे सत्य नाकारू नये: ज्या विद्येमुळे धर्मगुरूची भाषा लोकांना कळेनाशी होते, ती विद्या अपुरी होय. उरलेले अर्धे सत्य असे की, अशिक्षितपणाचा अभिमान हाही अभिमानच.

दोन्ही ग्रंथ वाचताना एक उणीव सलते. 1784 च्या बाल्टिमोर परिषदेने सभासदांना गुलाम मुक्त करण्याचा नियम घालून दिला आणि काही महिन्यांतच तो स्थगित केला. 1785 मध्ये गुलाममुक्तीचा अर्ज घेऊन जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी जाणारे अ‍ॅस्बरी 1809 च्या एका नोंदीत, मुक्तीचा आग्रह धरण्यापेक्षा गुलामांना बरी वागणूक मिळवून देणे अधिक हिताचे झाले नसते काय, असा विचार करताना दिसतात. दारे उघडी राहावीत म्हणून सत्य मवाळ करण्याची ही तडजोड होती. 1844 मध्ये याच प्रश्नावर पंथ दुभंगला. अ‍ॅस्बरींबरोबर प्रवास करणारे कृष्णवर्णीय उपदेशक हॅरी होझियर यांच्या वक्तृत्वाची त्या काळी कीर्ती होती. पण ते निरक्षर होते, त्यांची रोजनिशी नाही. घोड्यावरचा इतिहास वाचताना ज्यांना लिहिता आले नाही त्यांची जागा कोरी सोडूनच वाचला पाहिजे.

आता आमच्या वाचकांच्या प्रश्नाकडे वळू. 1784 मध्ये त्याच बाल्टिमोरच्या परिसरात फादर जॉन कॅरल अमेरिकेतील कॅथॉलिक मिशनचे प्रमुख झाले व पुढे तेथील पहिले बिशप. ते डिसेंबर 1815 मध्ये वारले, अ‍ॅस्बरी त्यानंतर चार महिन्यांच्या आत. कॅरल यांच्या काळात 1791 मध्ये सेमिनरी उभी राहिली. मेथडिस्टांचे कोक्सबरी कॉलेज 1795 मध्ये जळाले, तेव्हा ते पुन्हा उभारण्याची अ‍ॅस्बरींना उमेद नव्हती. तरी घोडा हा काही त्यांचाच मक्ता नव्हता. 1793 मध्ये बाल्टिमोरला गुरुदीक्षा मिळालेले फादर स्टीफन बदीन केंटकीच्या रानांत घोड्यावरूनच मिस्साबलिदानासाठी फिरले, आणि काही काळ तर तेथे ते एकटेच धर्मगुरू होते.

धर्मदीक्षेविषयी आमची व मेथडिस्टांची शिकवण भिन्न आहे. ती लपवण्यात अर्थ नाही. पण 1779 मध्ये व्हर्जिनियातील उपदेशकांनी, लोक साक्रामेंतांविना तळमळत असल्याने, परस्परांनाच दीक्षा दिली, तेव्हा अ‍ॅस्बरींनी त्यांना थांबण्याची विनंती केली व ती मान्य झाली. अधिकाराशिवाय संस्कार नाही, ही जाणीव त्यांच्यातही जिवंत होती. 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेने नीतिमत्त्वाविषयीच्या कॅथॉलिक-लुथरन संयुक्त घोषणेस संमती दिली, हेही येथे स्मरावे.

आणि मुख्य गोष्ट. उपदेशक महिना-दीड महिन्यांनी यायचा. मधल्या दिवसांत श्रद्धा कोणी जपली? दहाबारा जणांच्या लहान गटांनी व त्यांच्या प्रापंचिक पुढाऱ्यांनी. शेतकरी, सुतार, विधवा स्त्रिया यांच्या घरी प्रार्थना होत, एकमेकांच्या जीवनाची विचारपूस होई. धर्मगुरूची बदली झाली की उदास होणाऱ्या आणि मिस्सा संपताच जबाबदारी संपली असे मानणाऱ्या आम्हा सर्वांना हा धडा उपयोगी आहे. बदली होणाऱ्याने अ‍ॅस्बरींची रोजनिशी वाचावी. मागे राहणाऱ्यांनी त्या रोजनिशीत नुसत्या नावाने उल्लेखलेल्या घरांकडे पाहावे. ज्या घराचे दार उघडे होते, तेथेच घोडा थांबत होता.