‘राष्ट्रहितासाठीं’ : एका मथळ्याचें शेपूट

सरकारी पत्रकें वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे रीत नाहीं, आणि बहुतेक पत्रकांची तशी योग्यताही नसते. तथापि एखादें सधन राष्ट्र गरीब देशांना मदत देतांना कोणती गोष्ट आधीं मांडतें व कोणती मागाहून, हें समजून घ्यावयाचें असेल तर त्याच्या आंकड्यांच्याही आधीं त्याचे शब्द वाचावेत, असें आम्हांस वाटतें. ब्रिटनचें उदाहरण घ्या. १९९७ सालीं तेथील मजूर सरकारनें परदेशी मदतीसाठीं स्वतंत्र खातें काढलें, आणि आपल्या श्वेतपत्रिकेच्या मथळ्यांत जगांतील दारिद्र्याचें निर्मूलन हा हेतु सांगितला. २०१५ च्या नोव्हेंबरांत हुजूर सरकारनें मदतीविषयीं पत्रिका काढली, तिच्या मथळ्यांत जागतिक आव्हानांशीं सामना करण्याची भाषा आहे. पण तिला ‘राष्ट्रहितासाठीं’ असें एक शेपूट जोडलेलें आहे.

हें शेपूट नवें आहे असें मात्र कोणी समजूं नये. मथळ्यांत तें नव्हतें, त्या काळींही व्यवहारांत तें होतेंच. १९८० नंतरच्या दशकांत भारतानें ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीचीं २१ हेलिकॉप्टरें घेतलीं. पैसा ब्रिटिश मदतीचा, सुमारें साडेसहा कोटी पौंड. निकड होती ती कंपनीला गिऱ्हाइकाची. आमच्या खेड्यांतील दारिद्र्याला हेलिकॉप्टरांची नव्हे. अपघात झाले, यंत्रें जमिनीवर पडून राहिलीं, आणि अखेर मूळ किमतीच्या अगदीं क्षुल्लक अंशाला विकलीं गेलीं. ब्रिटिश करदात्याच्या पैशानें ब्रिटिश कारखाना चालला, आणि खर्च मात्र भारताच्या नांवें पडला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात तें हेंच!

मलेशियांतील पर्गाऊ धरणाचें प्रकरण याहून उद्बोधक आहे. १९८८ सालीं शस्त्रविक्रीच्या बोलण्यांत मदतीचा धागा गुंतविला गेला, आणि पुढें धरणासाठीं २३ कोटी ४० लक्ष पौंड द्यावयाचें ठरलें. मदतखात्याचे मुख्य सचिव टिम लँकेस्टर यांनीं १९९१ सालीं लेखी हरकत घेतली : हीच वीज दुसऱ्या मार्गांनीं स्वस्त पडेल, हा व्यवहार किफायतीचा नाहीं. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनीं ती बाजूस सारली. परंतु एक स्वयंसेवी संस्था न्यायालयांत गेली, आणि १९९४ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या उच्च न्यायालयानें ही मदत बेकायदा ठरविली. कां? तर कायद्यानें पैसा विकासासाठीं द्यावयाचा, आणि जें आर्थिक दृष्ट्या पोकळ आहे त्याला विकास म्हणतां येत नाहीं. एका शब्दाचा अर्थ न्यायाधीशानें गांभीर्यानें घेतला, एवढेंच घडलें. २००२ च्या कायद्यानें तर मदतीनें दारिद्र्य कमी होण्याचा संभव आहे अशी मंत्र्याची खात्री असली पाहिजे, असें स्पष्टच म्हटलें.

राष्ट्रहित पाहणें हें पाप आहे काय, असें कोणी विचारील. नाहीं. मंत्री आपल्या करदात्यांना जबाबदार असतो. आमचा आक्षेप निराळा आहे. ‘दारिद्र्य’ या शब्दाला माप लावतां येतें, त्यावरून मंत्र्याला न्यायालयांत खेंचतां येतें. ‘राष्ट्रहित’ हा शब्द इतका ऐसपैस आहे कीं त्यांत काय मावणार नाहीं?

काय काय मावलें तें पाहा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.७ इतकी मदत देण्याचें बंधन २०१५ सालीं कायद्यांत आलें. २०२१ सालीं प्रमाण ०.५ वर उतरलें. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत मजूर पक्षाचेच पंतप्रधान स्टार्मर यांनीं, संरक्षणखर्च वाढविण्यासाठीं, २०२७ पर्यंत तें ०.३ वर आणण्याचें जाहीर केलें. मधल्या काळांत, २०२२ सालीं, एकूण मदतीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम ब्रिटनमध्येंच, तेथें आलेल्या निर्वासितांवर खर्च झाली. निर्वासितांना आसरा देणें हें सत्कृत्यच, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा खर्च मदतींत धरतांही येतो. पण तो समुद्रापलीकडच्या गरिबांच्या वांट्यांतून कां जावा, हा प्रश्न नियमांनीं सुटत नाहीं.

आणि हा प्रश्न विचारणार कोण? लँकेस्टर यांनीं हरकत लिहिली, कारण मदतीच्या जमाखर्चाची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. १९९७ सालीं काढलेलें स्वतंत्र खातें २०२० सालीं परराष्ट्रखात्यांत विलीन झालें. मदत आणि मुत्सद्देगिरी या दोहोंचा हिशेब तेव्हांपासून एकाच मुख्य सचिवाकडे आहे.