जीबी कच्चा की पक्का?

पावसाळा लागला की आंबागडावर पोरं चढतात. तुमसर तालुक्यातला, सातपुड्याच्या टेकडीवरचा हा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळातला. आता त्याचे बुरूज रीलमध्ये दिसतात. दोन तासांच्या भटकंतीत फोन भरतो, मग व्हिडिओ मेमरी कार्डात जातात आणि कार्ड तुमसरच्या एखाद्या मोबाईल दुकानात कॉम्प्युटरला लागतं. फोनमध्ये 64 जीबी दिसणारं कार्ड तिथे 59 जीबीच्या जवळपास दिसतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, हे कार्ड डुप्लिकेट तं नाही ना?"

या प्रश्नाला हसण्याचं कारण नाही. समीक्षक कवितेतला शब्द तपासतो, तसा एकदा कार्डाच्या वेष्टनावरचा मजकूर तपासायला हवा. पुढच्या बाजूला ठळक 64 जीबी. मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ : 1 जीबी म्हणजे 1,00,00,00,000 बाइट, प्रत्यक्ष वापरता येणारी जागा कमी असू शकते. ही ओळ खोटी नाही. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, हे जगाने मान्य केलेलं माप आहे. कंपनी शंभर कोटींचा एक असे 64 जीबी देते.

गडबड पडद्यावर होते. कॉम्प्युटरची मेमरी दुपटीने वाढते. 2, 4, 8, 16 करत दहाव्या पायरीला 1024 येतात. हजाराच्या इतका जवळचा आकडा पाहून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. तेव्हा चूक 2.4 टक्क्यांची होती, कोणाला बोचली नाही. पण प्रत्येक पायरीला ती फुगते. मेगाला जवळपास 5 टक्के, गिगाला 7 च्या वर, टेराला 10 च्या घरात. विंडोजचा जीबी आजही 1,07,37,41,824 बाइटचा. 64 अब्जांना त्याने भागा, 59.6 येतात. बाइट तेवढेच आहेत, फक्त माप मोठं झालंय. ॲपलने 2009 मध्ये आपल्या कॉम्प्युटरवर हजाराचा हिशेब लावला, अँड्रॉइडने आठव्या आवृत्तीपासून. म्हणून फोन आणि दुकानातला पडदा वेगळं बोलतात. (नव्या फोनमध्ये जागा आधीच खाल्लेली दिसते ती मात्र फोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने, त्याचं बिल या गोंधळावर फाडू नये.) आणि त्याच फोनची 8 जीबी रॅम 1024 च्याच हिशेबाची. एकाच खोक्यावर जीबी दोनदा छापलेला, दोन्ही वेळी वेगळ्या अर्थाने! जुन्या फ्लॉपीची तर गंमतच. तिचे 1.44 एमबी हे 1000 गुणिले 1024 अशा खिचडी मापाचे होते.

दुपटीचं माप आपल्याला परकं नाही. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी मापटं, दोन मापटी शेर, चार शेर पायली. पण तिथे प्रत्येक पायरीला स्वतःचं नाव होतं. आणि जिथे एकाच नावाची दोन मापं बाजारात चालत, तिथे लोक कच्चा शेर, पक्का शेर म्हणत. हे विशेषण म्हणजे गिऱ्हाइकाचं संरक्षण होतं. अडाणी म्हणवल्या गेलेल्या बाजाराला ते सुचलं होतं.

सरकारलाही सुचलं. रुपया 64 पैशांचा होता, तो 1 एप्रिल 1957 ला 100 पैशांचा झाला. नवा पैसा जुन्यापेक्षा हलका, नाव मात्र तेच राहणार. म्हणून नाण्यावर नया पैसा असं छापलं, आणि वर रुपयाचा शंभरावा भाग हेही लिहिलं. व्याख्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत नव्हती, नाण्यावरच होती. लोकांना सवय झाल्यावर 1964 मध्ये नया गळून गेलं.

संगणकवाल्यांकडे असा शब्द नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने 1998 मध्ये 1024 च्या हिशेबासाठी वेगळी नावं मान्य केली : किबी, मेबी, गिबी. म्हणजे पडद्यावर 59.6 गिबीबाइट एवढंच लिहायचं होतं. लिनक्सच्या बऱ्याच साधनांनी लिहिलं. विंडोजने नाही. शब्द विचित्र वाटतो हे खरं, पण मेगाबाइट तरी कुठे आजीच्या ओवीतला होता? माझा राग कार्डवाल्यांपेक्षा या आळसावर जास्त आहे. अर्थात कार्डवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. मोठा आकडा ठळक छापायचा आणि खुलासा मागे लपवायचा, ही निवड त्यांचीच. अमेरिकेत हार्ड डिस्कवरून असे खटले झाले. 2006 मध्ये वेस्टर्न डिजिटलने आणि 2007 मध्ये सीगेटने तडजोड केली. पडदा आहे तसाच राहिला.

या आळसाची किंमत कोण मोजतं, ते दुकानातच कळतं. बाजारात खरोखरची बनावट कार्डं आहेत. आत 8 जीबीची चिप, पण ती स्वतःला 64 सांगते. भरेपर्यंत सगळं ठीक, नंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं किंवा फाइल उघडतच नाही. लग्नाचा व्हिडिओ गेला की तो परत घेता येत नाही. म्हणजे अस्सल कार्ड 59 दाखवून बदनाम होतं आणि नकली कार्ड हवा तो आकडा दाखवून साळसूद राहतं. कमी दिसणारा प्रत्येक आकडा "कंपनीच कमी देते" म्हणून सोडून द्यायची सवय लागली, की चोराला आडोसा मिळतो.

तेव्हा आकड्याकडे बघून काही ठरत नाही. कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं सगळं परत वाचून पाहायचं. फुकट मिळणारी सॉफ्टवेअर हे काम करतात. 64 जीबीला वेळ लागतो, तोवर गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन येतं.