सिग्नल केबिनमधला बाप

रेमंड विल्यम्स विद्यापीठवाल्यांना ‘संस्कृतीचा सिद्धांतकार’ म्हणून ठाऊक. मला तो सिग्नलमनचा पोरगा म्हणून जवळचा. जन्म १९२१ चा, वेल्सच्या सीमेवरच्या पँडी गावातला. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला, महायुद्धात लढला आणि १९४६ ते १९६१ प्रौढांचे वर्ग घेत राहिला. पुढं केंब्रिजात नाटकाचा प्राध्यापक झाला, १९८८ साली वारला.

त्या वर्गांची पंधरा वर्षं समीक्षक एका ओळीत उरकतात. मला तीच मोठी वाटतात. दिवसभर राबून संध्याकाळी बाकावर बसलेल्या माणसापुढं पोकळ शब्द टिकत नाय. मी बसलोय तसा, मला माहीत आहे. ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) याच दिवसांतलं. त्याच साली एका लेखात त्यानं ठणकावलं, संस्कृती ही रोजची, साध्या माणसांची गोष्ट. केंब्रिजच्या चहाच्या दुकानात ऐट मिरवणाऱ्यांची जहागीर नव्हे. आमच्या कवितेला अभिरुचीचा दाखला मागणाऱ्या पांढरपेशांनी हा लेख वाचावा. वाचणार नाहीत, तो भाग वेगळा.

पण त्याची खरी परीक्षा कादंबरीत. ‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. मॅथ्यू प्राइस लंडनात इतिहास शिकवतो. बाप हॅरी आजारी पडतो म्हणून गावी येतो. गावात त्याला ‘विल’ म्हणतात. एकाच माणसाची दोन नावं, गाडीतून उतरलं की बदलायची! आपल्यातल्या किती शिकलेल्यांना हे वाचताना घाम फुटेल.

मधला भाग १९२६ च्या सार्वत्रिक संपाचा. कोळसा खाणकामगारांसाठी रेल्वेवालेही उतरले. नऊ दिवसांत पुढाऱ्यांनी संप मागं घेतला, खाणवाले एकटे पडले. इथं विल्यम्स भाषण ठोकत नाही. तो दोन सिग्नलमन समोर ठेवतो. मॉर्गन रॉसर, युनियनचा कडवा माणूस, पराभवानंतर व्यापारात शिरतो, पैसा करतो. हॅरीलाही ये म्हणतो. हॅरी जात नाही. केबिन, बाग, मधमाश्या, बस्स. रॉसरला लेखक खलनायक करत नाही, हे मला आधी खटकलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं, फितूर म्हणून शिवी घालणं सोपं; पराभव माणसाचं काय करतो ते दाखवणं अवघड.

माझं भांडण दुसरीकडं आहे. आई एलेन. बाप-लेकाचं मौन पानोपान तोललंय, तिचं मौन कुणी तोलत नाही. चहा करते, वाट बघते. राबणाऱ्या घराची कादंबरी अशी अर्धीच राहते.

आणि दुसरं. विल्यम्सची सीमा वर्गाची आहे. हॅरी गरीब आहे, पण गावात त्याच्या हातचं पाणी चालतं. जन्मानंच गावाबाहेर काढलेल्याला परतायला ‘गाव’ कुठलं? तेव्हा त्याचा मापदंड जसाच्या तसा उचलू नका.

तरी पुस्तक मी सोडत नाही. १९५६ साली आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांविषयी व्यथित होऊन बोलले. मॅथ्यूला बापाची लाज नाही, तरी बापाशी बोलायला त्याच्याकडं भाषा उरलेली नाही. हा रोग फितुरीहून वेगळा आहे, आणि आपल्या कवितेत त्याच्यावर अजून फार थोडं आलंय. येत्या अभ्यासवर्गात संपाचा भाग मी मराठीत सांगणार आहे. आयांनाही घेऊन या.